भाषेला पाचपैकी दोन

शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयात मी शिकवत होते. विद्यार्थ्यांचे सराव पाठ पाहून गुण द्यायचे, पण आम्हा चौघा प्राध्यापकांचे गुण कधी जुळत नसत. म्हणून सगळ्यांसाठी एकच श्रेणी ठरवली, एक ते पाच. कशाला किती द्यायचे ते मुद्देसूद लिहिलेलं. मसुदा माझा होता, आणि त्याचा मला अभिमानही होता.

त्या वर्षी देवळ्याकडची एक विद्यार्थिनी पंचवटीतल्या एका शाळेत चौथीला अपूर्णांक शिकवत होती. मी आणि एक सहकारी मागे बसलो होतो. एका मुलीला पाव म्हणजे काय ते काही केल्या कळेना. सटाण्याकडून नुकतीच आलेली पोर. ही विद्यार्थिनी तिच्या शेजारी बसली, कागदाला घड्या घालायला लावल्या आणि हलकेच दोघींच्या घरच्या अहिराणीत बोलू लागली. थोड्या वेळानं त्या मुलीनं फळ्यावर पाऊण भाग रंगवून दाखवला.

मी भाषेला पाच दिले, सहकाऱ्यांनी दोन. बैठकीत त्यांनी माझाच मसुदा पुढे केला. पाच गुणांसमोर लिहिलं होतं, 'संपूर्ण पाठात प्रमाण भाषा'. दोघांच्या गुणांत फरक राहू द्यायचा नाही, हा नियमही माझाच. मी पाच खोडून दोन केले. वाद घालायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ती विद्यार्थिनी गुणांचा कागद घेऊन आली. "मॅडम, पण तिला समजलं ना?"

"समजलं," मी म्हणाले, "पण श्रेणी सगळ्यांना सारखीच आहे."

ती मान हलवून गेली. पुढचे पाठ तिनं अगदी पुस्तकी भाषेत घेतले. गुण चांगले पडले.

वर्षभरानं प्रमाण भाषेचं ते वाक्य मी मसुद्यातून काढून टाकलं. कुणी विरोधही केला नाही. तोवर ती शिकून गेली होती.

गेल्या महिन्यात ती नाशिकच्या बसस्टँडवर भेटली. वाकून नमस्कार केला. गावाजवळच्याच शाळेत शिक्षिका आहे. मुलांबद्दल भरभरून बोलत होती.

"वर्गात घरची भाषा मी बोलूच देत नाही, मॅडम. ती शिस्त तुमच्यामुळे लागली."

मसुद्यातलं ते वाक्य चुकीचं होतं, मी ते खोडलं, हे तिला तिथेच सांगायला हवं होतं. तिचा चेहरा फार आनंदी होता. मी विचारलं, जेवलीस का. तेवढ्यात तिची गाडी लागली.