दशरथची लाल रेघ

दशरथ इतका भित्रा की जॅकवर चढवलेल्या गाडीखालून मांजर गेलं तरी तो डोळे मिटून घ्यायचा. असा माणूस आयुष्यभर गाड्यांच्या खाली झोपून पोट भरतो हे मला बरेच दिवस खरंच वाटत नव्हतं.

वाघोलीत आमच्या सोसायटीच्या गेटसमोर त्याची पत्र्याची शेड. मी भाजीला निघाले की आधी त्याची फिरकी घेणार, मग कोथिंबीर.

"काय रे, आज कुठल्या गाडीने डोळे वटारले?"

"मावशी, ज्याला भेव नाई त्यानं गाडीखाली जाऊच नये," तो आतूनच म्हणायचा. चेहरा दिसायचाच नाही, नुसते पाय.

मूळचा तो दिग्रसचा, यवतमाळकडचा. अठ्ठ्याण्णव साली पुण्यात आला आणि मार्केट यार्डाजवळ ट्रकचे पाटे बदलायच्या वर्कशॉपात लागला. पाटे म्हणजे ट्रकच्या चाकांवर त्या वाकवलेल्या लोखंडी पट्ट्या असतात ना, त्या. कांद्याने भरलेले ट्रक यायचे आणि दत्तोबा नावाच्या उस्तादाच्या हाताखाली हा पाटे उतरवायचा, चढवायचा. एक दिवस दत्तोबा चहा आला म्हणून ट्रकखालून बाहेर सरकले, ग्लास हातात घेतला, आणि मागे जॅक निसटून ट्रक खाली बसला. जिथे त्यांचं डोकं होतं बरोब्बर तिथे. दत्तोबांनी तो चहा पुरा प्यायला म्हणे. दशरथचा मात्र त्या दिवसापासून चहा पिताना हात थरथरतो.

तेव्हापासून याचे नियम. जॅकवर विश्वास नाही, खाली टेकू म्हणून दोन लोखंडी घोड्या. घोड्यांवर विश्वास नाही, शेजारी एक जुनं चाक आडवं. आणि सगळ्यात मोठा नियम लाल रेघेचा. बोल्ट पुरता आवळला की लगेच त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर नेलपॉलिशने एक बारीक रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट हलला. रेघच नसली तर बोल्ट आवळायचा राहिलाय. नेलपॉलिश बायकोचं, तुळजाबाईचं. तिच्या नखांना ते कधी लागलेलं मी बघितलं नाही.

हे रेघेचं मी आता सांगतेय तुम्हाला. तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

तर माझा योगेश. माझ्या बहिणीचा मुलगा. ती गेली तेव्हा हा सहावीत होता, कसब्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मीच त्याला वाढवला. आमच्या यांनी स्कूटरचा नंबर लागायला सात वर्षं वाट बघितली होती. आणि हा खराडीच्या आयटी कंपनीत लागला, दोन वर्षं अमेरिकेत राहून आला, आणि दोन हजार तेरा साली एक सेकंडहँड लाल स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली. सीट मोजून दोन. एक त्याची, एक पूर्णिमाची, म्हणजे माझ्या सुनेची. मी म्हटलं, "आणि मी कुठे बसू? डिकीत?"

"मावशी, डिकीत बॅगसुद्धा नीट मावत नाही," पूर्णिमा म्हणाली.

त्या गाडीला आता योगेशला कॉइलओव्हर बसवायचे होते. दशरथने मला एका वाक्यात समजावलं ते असं, की शॉकअप आणि स्प्रिंग एकाच दांड्यावर येतात आणि खालची रिंग फिरवून गाडी वरखाली करता येते. योगेशने लॅपटॉप उघडून तीन सेट दाखवले. त्याचा डोळा सगळ्यात कडक सेटवर होता, रेसवाल्या.

"योगेशभाऊ, गाडी कुठं चालवणार?"

"ऑफिसला. वीकेंडला घाटात."

"मग हा नको. हा सपाट ट्रॅकचा माल आहे. खराडीपर्यंत गेलात तरी दात मोजायला लागतील."

योगेश ऐकेना. तेव्हा दशरथ आपल्या मोटारसायकलवर टेप घेऊन निघाला आणि सोसायटीपासून ऑफिसपर्यंतचे सगळे गतिरोधक मोजून आला. भरले सतरा. त्यातले चार कुणी टाकले ते सरकारलाही माहीत नाही. सगळ्यात उंच एका शाळेसमोरचा, वीतभर. ती उंची त्याने कागदावर लिहून योगेशपुढे ठेवली. "गाडी याच्याखाली न्यायची नाई. आणि स्प्रिंग मधली घ्या. वहिनींना शेजारी बसवता ना तुम्ही."

आला मग मधला सेट, जपानहून, तीन आठवड्यांनी. आला तो नेमका नवरात्रात.

दोन दिवस गाडी शेडमध्ये घोड्यांवर. नवमीला सकाळी मी डोकावले तर काम संपत आलेलं. जुने शॉकअप कोपऱ्यात, नवे चकचकीत आत बसलेले. दशरथ म्हणाला, "पुढच्या चाकांचे खालचे दोन बोल्ट तेवढे हातानं लावून ठेवले. ते आवळायचे गाडी जमिनीवर उतरवून, चाकांवर वजन आल्यावर. आत्ता आवळले तर आतलं रबर पिळते."

मी हो हो म्हटलं. रबर पिळो नाहीतर न पिळो, माझं लक्ष पूजेकडे. त्या दिवशी खंडेनवमी. तुळजाबाई माहेरी गेलेली, शेडमध्ये पूजा करायला बाई नाही. मीच म्हटलं, मी करते. दशरथने सगळे पाने, हातोड्या, बोल्ट पुरता आवळला की टक् वाजणारा तो मोठा टॉर्क पाना, धुऊनपुसून पाटावर मांडले. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. आता दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दशरथ अंघोळीला गेला.

मग मी गाडीची पूजा करायला वाकले. बघते तर चाकाच्या आत एकेका बोल्टवर लाल रेघ. मला वाटलं, काय भाविक माणूस आहे, प्रत्येक बोल्टला कुंकू लावतो. पुढच्या दोन्ही चाकांपाशी खाली एकेक बोल्ट मात्र कोरा. म्हटलं, या दोघांनी काय घोडं मारलंय. ओलं कुंकू करंगळीवर घेतलं आणि बाकीच्यांसारखीच बारीक रेघ दोघांवर ओढली. फार सुबक आली. मला माझंच कौतुक वाटलं.

दसऱ्याला सकाळी आठलाच योगेश आणि पूर्णिमा तयार. पूर्णिमाचं माहेर सासवडला, तिच्या वडिलांना सोनं द्यायला जायचं होतं, नव्या शॉकअपवर, दिवे घाटातून. दशरथ टॉर्च घेऊन गाडीखाली गेला. बराच वेळ बाहेर येईना.

"काय झालं रे?"

"मावशी, मला वाटून राहिलं होतं दोन बोल्ट राहिले. पण सगळ्यावर रेघ दिसते. पूजेच्या गडबडीत गाडी वर असतानाच मी आवळले असतील. तरी एकदा पाना लावून पाहतो."

तो पाटाकडे वळला आणि मी आडवी आले. "पूजा उतरायची आहे अजून. वर्षाचा दिवस, हत्याराला हात लावशील तर बघ. आणि किती घाबरशील? गाडी आहे ती, मुलगी सासरी नाही चालली."

योगेश हसला, पूर्णिमा हसली. दशरथही ओशाळून हसला. लग्न ठरलेल्या मुलीसारखा लाजला म्हणा ना. पाना फुलांखालीच राहिला. गाडी खाली उतरली. जाताना त्याने योगेशला तेवढं बजावलं, "घाट लागायच्या आधी थांबा. काचा खाली करून एका गतिरोधकावरून सावकाश न्या आणि आवाज ऐका."

"अहो, तुम्ही तर मावशीपेक्षा वरचढ निघालात," योगेश म्हणाला, आणि गेले.

नऊच्या सुमारास मी परत शेडमध्ये गेले, उत्तरपूजेला. दशरथ आपट्याची पानं घेऊन माझ्या पाया पडायला पुढे आला. मी आशीर्वाद द्यायचा सोडून बडबडले, "तू एवढा भाविक असशील असं वाटलं नव्हतं रे. एकेका बोल्टला कुंकू. दोन राहिले होते, ते मी लावले काल."

तो वाकलेला तसाच राहिला.

"कुठले दोन?"

"पुढच्या चाकांचे. खालचे."

"मावशी," तो हळूच म्हणाला, "ते कुंकू नाई. ते नेलपॉलिश हाय. आवळल्याची खूण हाय ती."

मला समजायला दोन क्षण लागले.  माझा योगेश, पूर्णिमा, दिवे घाट, आणि दोन चाकं हाताने फिरवलेल्या बोल्टवर. फोन लावला. योगेश गाडी चालवताना फोन उचलत नाही, ही शिस्त मीच लावलेली. पूर्णिमाचा फोन वाजत राहिला, डिकीतल्या बॅगेत.

दशरथ पाटासमोर उभा. हात पुढे करतो, मागे घेतो. "मावशी, उचलू का?"

मीच झेंडू बाजूला लोटला आणि तो टॉर्क पाना उचलून पदरात घेतला. थंडगार, हळदीने भरलेला. "चल," म्हटलं.

साठीला आलेली बाई मोटारसायकलवर मागे, मांडीवर हातभर लांब पाना. मी त्याला इतकी वर्षं घाबरट म्हटलं, पण त्या दिवशी खराडी बायपासला मी डोळे मिटलेले आणि तो उघडे ठेवून चालवत होता. हडपसरला झेंडूवाल्यांनी रस्ता अडवलेला. प्रत्येक लाल गाडी दिसली की मी तिचा नंबर वाचायची. रस्त्याच्या कडेला कुठे माणसं जमलेली दिसली की मी दुसरीकडे बघायची, आणि परत तिकडेच बघायची. फुरसुंगीच्या पुढे लोक घोळका करून उभे होते. दशरथने गाडी हळू केली. ऊस पडला होता ट्रॉलीतून. नुसता ऊस.

"मावशी, रडू नका. मला समोरचं दिसत नाई मंग."

"मी कुठे रडतेय," मी म्हटलं. रडत तोच होता.

वडकीला, घाटाच्या पायथ्याशी, एका रसवंतीसमोर लाल गाडी उभी. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर पूर्णिमा, आणि योगेश रागाने येरझाऱ्या घालत. मी मोटारसायकलवरून उतरले ती सरळ त्याच्या दंडाला धरून उभी राहिले. दंड आहे, गरम आहे, एवढंच कळत होतं.

"मावशी? तू इथे कशी?" मग दशरथला बघून, "बरं झालं आलात. खडखड येतेय पुढून, आणि फोन करायचा तर इथे रेंज नाही. मी जाणारच होतो तसाच, हिने उतरायची धमकी दिली."

"त्यांनी सांगितलं होतं ना थांबायला," पूर्णिमा म्हणाली. "मी सासवडची आहे. मला घाट माहितीये."

दशरथ जमिनीवर झोपला आणि खाली सरकला. बराच वेळ नुसते पाय. मग आतून आवाज आला, सपाट. "उजव्या बाजूचे दोन आटे राहिले होते."

आटे म्हणजे नटाचे फेरे. दोनच फेरे, मग नट रस्त्यावर, मग बोल्ट, मग ते चाक वळणावर कुठे जायचं ते जाणार. मी वर घाटाकडे बघितलं. पहिल्याच वळणाखाली केवढं खोल.

पाना आत गेला. टक्, असा आवाज आला. मग दुसऱ्या बाजूला, टक्. तो आवाज त्याने दोन्हीकडे तीन-तीनदा काढला. बाहेर आला तेव्हा नेलपॉलिशची करंगळीएवढी बाटली हातात. मी वाकून बघितलं, रेघ नागमोडी आली होती.

"एवढी मोठी चूक कशी होते हो तुमच्याकडून?" योगेशचा आवाज चढला.

"झाली भाऊ. माझी चूक," दशरथ म्हणाला. माझं नावही घेतलं नाही.

मी गप्प बसू शकले असते. खोटं कशाला सांगू, मनात आलंही. योगेशच्या नजरेतून उतरायची मला त्या घाटापेक्षा जास्त भीती वाटली. पण दशरथ मान खाली घालून पाना पुसत होता, त्यावरचं माझंच हळदकुंकू.

"रेघा मी ओढल्या," मी म्हटलं. "कुंकवाच्या. आणि तो पाना लावणार होता तर मीच अडवलं. सकाळी तुम्ही त्याला हसलात ते माझ्या बोलण्यामुळे."

 पूर्णिमाने खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मग दशरथने योगेशकडे हात पुढे केला. "चावी द्या. आधी मी जाऊन येतो. वरपर्यंत."

याने जन्मात घाटात स्टिअरिंग धरलं नव्हतं. गावी जातानाही एसटीत मधल्या बाजूची सीट पकडणारा माणूस. गाडीत बसला, आरसा तीनदा नीट केला, आणि निघाला. लाल ठिपका पहिल्या वळणावर दिसला, मग नाही. रसवाला चरक फिरवायचा थांबला. आम्ही तिघं वर बघत उभे. योगेशने माझा हात धरला होता की मी त्याचा, सांगता येत नाही. एक एसटी खाली आली, दोन टेम्पो आले. मग बराच वेळ काहीच नाही. मी जेवढे देव ठाऊक होते ते मोजून संपवले.

तो आला तो इतका सावकाश की मागे चार गाड्या हॉर्न वाजवत होत्या. उतरला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, पुन्हा खाली वाकून दोन्ही रेघा बघितल्या.

"जा आता," योगेशला म्हणाला. "रेघ जाग्यावर हाय."

ते गेले. शेवटच्या वळणापर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो. मग दशरथने खिशात हात घातला आणि आपट्याचं एक पान काढलं. चुरगळलेलं, ग्रीसने काळं झालेलं.

"सोनं द्यायचं राहिलं होतं मावशी."

तो पायाशी वाकला. मला काहीतरी चुरचुरीत बोलायचं होतं, सवयीने तोंडावर आलंही होतं. नाही बोलले. पान पदराच्या टोकाला बांधलं आणि म्हटलं, "परत जाताना सावकाश चालव. मला भीती वाटते."