आवाज बंद केलेली आई

पडद्यावर माझी आई होती आणि वर्ग हसत होता.

समाजशास्त्राचा तास. सर स्वतः मोबाईलवर काढलेल्या छोट्या क्लिपा दाखवून शिकवायचे. दोन मिनिटं क्लिप, मग वहीत निरीक्षणं लिहायची. आवाज कायम बंद. "आवाज बंद रखो तो आँखें खुलती हैं," असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना हा तास आवडायचा. मलाही.

त्या दिवशी शहराबाहेरच्या सिलतरा कारखाना-वसाहतीतला राखेचा ढीग दिसला. कारखान्यांनी फेकलेल्या राखेतून अर्धवट जळालेला कोळसा वेचणाऱ्या बाया. सरांनी गाडीतूनच काढलं होतं, काचेची कड दिसत होती. मधली बाई माझी आई. तोंड काळं, डोक्याला माझी जुनी ओढणी. कॅमेऱ्याकडे हात हलवत ती काहीतरी बोलत होती.

मागून कुणीतरी म्हणालं, "हीरोइन है भाई, हाय कर रही है." हशा पिकला. सरही हसले.

मी मूग गिळून बसले. नुसती बसले असंही नाही. लिहिलं. 'स्वच्छतेची जाणीव नाही. कॅमेऱ्याचं आकर्षण आहे.' सरांनी खाली लाल पेनने लिहिलं, 'बहुत अच्छा'.

सर आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरातल्या, बूढापारा मोहल्ल्यातल्या जुन्या मराठी घरातले. पहिल्या दिवशी माझं मराठी ऐकून खूश झाले होते. कुठे राहतेस? भनपुरीच्या मजूरवस्तीत. आई काय करते? मजुरी. सरांचं पुढचं वाक्य हिंदीत आलं. तेव्हापासून माझ्याशी हिंदीच.

त्या संध्याकाळी आई मोरीवर कपड्याच्या साबणाने हात घासत होती. मी विचारलं, "ढिगावर कोणी व्हिडिओ काढला होता का?"

"हव. एक गाडीवाला साहेब होता. किती ओरडली मी त्याच्यावर. आयकलंच नाही त्यानं. तू काहून इचारून राहिली?"

"असंच."

पुढच्या आठवड्यात बाहेरून पाहुणे प्राध्यापक आले. आपली पद्धत दाखवायला सरांनी तीच क्लिप लावली. आणि सर्वात चांगलं निरीक्षण वाचायला मलाच उभं केलं.

वही उघडली. वाचवेना.

"सर, आवाज चालू करा."

"हिंदी में बोलो."

"आवाज चालू करा. ती माझी आई आहे."

सर जागचे हलले नाहीत. पाहुण्यांपैकी एका बाईंनी उठून आवाज वाढवला. वर्गभर आईचा आवाज आला. "भैया, मत निकालो. हाथ जोड़ती हूँ. मेरी लड़की कॉलेज में पढ़ती है. कोई देखेगा तो उसको बुरा लगेगा."

कुणी हसलं नाही. मला त्याचं काही बरं वाटलं नाही. लाज वाटली, आणि ती त्यांची नव्हती, माझी होती.

तास संपल्यावर सरांनी खोलीत बोलावलं. पुढ्यात कोरा कागद ठेवला. पहिल्या दिवसानंतर प्रथमच मराठीत बोलले. "आपल्याच मराठी माणसाची पाहुण्यांपुढे अशी शोभा करतात का? माफीनामा लिहून दे. इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत."

मी लिहिलं. 'ही क्लिप जिथे जिथे दाखवली, त्या प्रत्येक वर्गात माझ्या आईची माफी मागा. मग पुसून टाका.' खाली सही केली. मार्क शून्य द्यायचे तर द्या, म्हटलं.

माफी मलाही मागायची आहे, पण सरांची नाही. ते 'बहुत अच्छा' लिहिलेलं पान मी फाडलेलं नाही. आईला वाचता येत नाही. आज घरी गेल्यावर मीच तिला ते वाचून दाखवणार. एकही शब्द गाळणार नाही.