अठ्ठ्याहत्तर टक्के जुळलेलं स्थळ

मला कडक मंगळ आहे. म्हणजे मला काही होत नाही, जे व्हायचं ते येणाऱ्या स्थळांना होतं. पत्रिका हातात पडली की त्यांचे फोन बंद. बत्तिसावं ओलांडलं तेव्हा मी आईला बजावलं, यापुढे माझी पत्रिका घराबाहेर जायची नाही. गेली तर मागोमाग मीही जाईन.

त्याच सुमारास किहीमचं स्थळ आलं. नारळाची वाडी, वाडीत पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या, एकुलता मुलगा. पत्रिका मानत नाही, असं तो आपणहून म्हणाला. आमच्या उरणच्या घरी पोहे झाले, नंबर दिले-घेतले. मी न्हावा शेव्याला कंटेनरच्या कागदपत्रांचं काम करते. दिवसभर दोन याद्या शेजारी ठेवायच्या आणि काय जुळतं, काय नाही ते बघायचं. ऑफिसातल्या मुलींनी तेव्हा फोनवर एक ॲप घेतलं होतं. दोघांनी आपापल्या गाण्यांच्या प्लेलिस्टची लिंक टाकायची, मग ते सारखी गाणी, सारखे गायक शोधून किती टक्के जुळलं ते सांगतं. म्हटलं, बघू तरी. मी त्याच्याकडे लिंक मागितली. त्याने लगेच पाठवली.

अठ्ठ्याहत्तर टक्के! जुनी भावगीतं, नाट्यपदं, कव्वाल्या, आणि माझ्याशिवाय कुणी ऐकत नसेल असं मला वाटायचं ती दोन-तीन गाणीसुद्धा. खोटं कशाला बोलू, मी हरखले. इतकी वर्षं आकाशातल्या ग्रहाने माझी वाट लावली होती, आता एका ॲपने मार्गी लावलं तर मला चालणार होतं. आईला दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं.

"शंभरातलं नको, छत्तीसातलं सांग."

मी हिशेब करून सांगितलं, अठ्ठावीस. तिचा चेहरा असा फुलला की बोलायची सोय नाही. संध्याकाळपर्यंत शेजारीपाजारी पत्रिका जुळल्याचं सांगून ती मोकळीसुद्धा झाली. नुसता वैताग.

मग आम्ही त्यांचं घर बघायला किहीमला गेलो. आई-बाबांना घेऊन त्याचे वडील वाडी दाखवायला गेले, आम्हा दोघांना मुद्दाम ओटीवर ठेवून. मी त्याच्या यादीतल्या सगळ्यात वरच्या गाण्याचा विषय काढला. तो म्हणाला, कुठलं गाणं? मी ओळ सांगितली. तो हसायला लागला. ती लिस्ट आईची. घरात गाण्यांचं खातं एकच, लावते ती एकटीच. त्याला गाण्यांना वेळ नव्हता. मी मागितली म्हणून जी सापडली ती पाठवली, त्यात काय एवढं.

"आई काय ऐकतात?" मी विचारलं.

"काय की. भजनं-बिजनं असतील."

त्या यादीत एकही भजन नव्हतं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. त्याची आई कोलंबी सोलत बसली होती. फोन तांदळाच्या डब्याला टेकवलेला, आवाज इतका बारीक की जवळ गेल्याशिवाय गाणं ओळखू येऊ नये. घरात कुणाला कटकट नको म्हणून, त्या म्हणाल्या. मी त्यांना ॲप दाखवलं, घोटाळा सांगितला. हात पुसून त्यांनी फोन घेतला आणि एकेक गाणं खाली सरकवत राहिल्या. मग आम्ही जे बोलत बसलो ते बोलतच बसलो. कुठल्या गायकाचं कुठलं कडवं ऐकताना काम थांबतं, इथवर.

मला त्या फार आवडल्या. इतक्या की मी मनात जुळवाजुळव सुरू केली. घर चांगलं, मंगळाचं नाव नाही, मुलगा निर्व्यसनी, आणि अशी सासू. नाही कशाला म्हणायचं? आणि हे गेलं तर पुढचं कधी, कुणास ठाऊक. त्यांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असावं.

"त्यानं काय सांगितलं, मी काय ऐकते म्हणून?"

मी एक कोलंबी उचलून सोलायला घेतली.

"भजनं म्हणाला असंल." त्या हसल्या, पण कोलंबीकडे बघत. "बाय, माझ्यापायी हो म्हणू नको. मला सवय झालीय. तुला न्हाय व्हायची."

बाहेर मंडळी परत आल्याचा आवाज आला. त्यांनी सवयीने फोन बंद केला आणि कढई चढवली. जेवण फार चांगलं झालं होतं, तसं सगळे म्हणाले. गाण्यांबद्दल त्या टेबलावर कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

मी नकार कळवला. मुलाने ठीक आहे म्हटलं, त्याला फार फरक पडला नाही. माझ्या आईने मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलणं टाकलं. अठ्ठावीस गुणांचं स्थळ लाथाडलं, असं ती आजही चारचौघांत सांगते. मी सांगू देते.

ती लिंक मी काढून टाकलेली नाही. परवा त्या यादीत एक नवीन गाणं आलं. मी कधी न ऐकलेलं. स्वयंपाकघरात जाऊन लावलं, आवाज मोठा करून.