मुद्दाम चुकणारे मामा

खोटं वाचण्यात माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरेल असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात सापडायचा नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. खोटं बोलणं वेगळं, ते कुणालाही जमतं. मामांच्या हातात छापलेला कागद असतो, नाकावर चष्मा असतो, आवाज खणखणीत असतो, आणि मध्येच ते कागदावर नसलेलं एखादं वाक्य असं बेमालूम घुसवतात की ऐकणारा मान डोलवत राहतो. मध्यंतरी एक लग्नपत्रिका त्यांनी माझ्या बायकोला वाचून दाखवली आणि त्यात नवऱ्या मुलाचं लग्न त्याच्या होणाऱ्या सासऱ्याशीच लावून टाकलं. ही मेथी निवडता निवडता म्हणाली, "बरं झालं, ओळखीतलंच स्थळ मिळालं."

आमच्या सोसायटीच्या बैठकीत इतिवृत्त वाचायचं काम एकदा मामांकडे आलं. नळाला पाणी कधी येणार, या एकाच प्रश्नात सगळे गढलेले. मामांनी गंभीरपणे वाचलं, "दर पाण्याच्या दिवशी सेक्रेटरींना टाकीत धुऊन गच्चीवर वाळत घालण्यात यावं." सगळे म्हणाले मंजूर. अनुमोदन खुद्द सेक्रेटरींनी दिलं. जिना उतरताना मामा मला म्हणाले, "पाहिलं का जावईबापू, मान हालती, पण कान बंद. तहसिलात होतो तव्हाबी हेच. गावोगाव कागद वाचून दाखवायचो. लोक व्हय व्हय म्हणायचे, अन् मंग चहाच्या टायमाला इचारायचे, साहेब, कागदात काय होतं?" मोठ्या माणसांचा नाद त्यांनी त्यामुळंच सोडला असावा. निवृत्तीनंतर फुलंब्रीचा मळा भावावर सोपवून ते आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले आणि त्यांनी थेट पहिली-दुसरीतली पोरं हाताशी धरली.

रोज संध्याकाळी पार्किंगमधल्या दोन-चार स्कूटर बाजूला सरकतात, सतरंजी पडते आणि मामा गोष्टीचं पुस्तक उघडतात. वाचता वाचता चष्म्यावरून सगळ्यांकडे एक नजर टाकतात आणि पुढं गोष्टीत काहीतरी भलतंच घडतं. नदीत बुडालेली घागर पुढच्या पानावर चुलीपाशी भरलेली असते, आंधळा म्हातारा लांबूनच मुलाचा चेहरा ओळखतो. ज्याला खटकेल त्यानं हात वर करायचा आणि काय खटकलं ते सांगायचं. बरोबर असेल त्याला मळ्यातला पेरू, ज्याला मामा जांब म्हणतात. पोरं पेरूसाठी कान टवकारून बसतात, आणि ऐकता ऐकता गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरते. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, "चुकीचं वाचून पोरांना चुकीची सवय नाही का लागणार?" मामा म्हणाले, "बरोबर वाचून झोपायची लागलीय, त्याचं काय?"

माझी मुलगी दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. ती इतकं फाडफाड वाचायची की आम्ही आल्यागेल्यासमोर तिच्या हातात पुस्तक द्यायचो. मग पालकसभेत तिच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वाचते सुरेख, पण धड्यात काय झालं ते विचारलं की खिडकीबाहेर बघते, वर्गात मागं पडायला लागलीय. मी हादरलो. घरी येऊन मामांना सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "ती वाचत नाय, नुसती अक्षरं हाकलतीय. बसव माझ्याकडं." ती बसायला लागली. पण आजूबाजूची पोरं हात वर करत आणि ही सतरंजीचे दोरे ओढत बसे. कित्येक दिवस तिला एकही पेरू मिळाला नाही. रोज ती रिकाम्या हातानं वर यायची आणि मी काळजीत पडायचो. मामांना मात्र काळजी नव्हती. "बी पेरलं की लगेच उकरून बघायचं नसतंय," एवढंच म्हणायचे.

एके संध्याकाळी मामा बाजाराला निघालेल्या म्हातारीची गोष्ट वाचत होते. म्हातारीनं शेळी विकली, पैसे कनवटीला लावले, आणि परतताना वाटेत शेळी पाणी प्यायला थांबली. कुणालाच काही खटकलं नाही. तेवढ्यात माझ्या मुलीनं दोरा सोडला आणि अर्धवट हात वर करून म्हणाली, "पण शेळी तर विकली ना?" मामांनी पुस्तक मिटलं, अख्खी पिशवी तिच्यासमोर ठेवली आणि स्वतःच डोळे पुसायला लागले. त्यानंतर तिचं वाचन मंदावलं. ती मध्येच थांबायची, कपाळाला आठ्या घालून मागचं पान बघायची. बायकोला वाटलं पोरगी वाचायला विसरली. मी मात्र खूश होतो.

आता ती चौथीत आहे, तरी संध्याकाळी सतरंजीवर असतेच. यंदाच्या थंडीत एकदा मामांनी वाचून झालेलं पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पोरं ओरडली, "चूक, चूक!" मामा क्षणभर गोंधळले, मग हसले आणि पेरू वाटायला लागले. माझ्या मुलीनं हात वर केला नव्हता. जिन्यात मी विचारलं, "तुला नाही का कळली चूक?"

"कळली ना," ती म्हणाली. "पण ती आजोबांनी केली नव्हती. मुद्दाम चुकताना ते आधी चष्म्यावरून आमच्याकडे बघतात. आज बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती समोर न बसता मामांच्या शेजारी बसायला लागली. मामा वाचतात आणि पानं ती उलटते. ते अडखळले की ओळीवर हळूच बोट ठेवते. परवा गोष्ट संपल्यावर मामांनी पिशवीतला सगळ्यांत मोठा पेरू तिच्या हातात ठेवला. पोरांनी लगेच तक्रार केली की हिनं तर एकही चूक पकडली नाही.

"पकडली की, तुमच्या आधी," मामा म्हणाले. "पण बोंबलत नाय फिरली."