तांदूळ संपेना

नवऱ्याच्या कारखान्यात आठवड्यातून तीनच दिवस काम उरलं, तेव्हापासून मी घरखर्चाची मूठ आवळली. वसई पूर्वेला छोटासा कारखाना, तिथे ते मशीनवर असतात. मालकाने कुणाला काढलं नाही, दिवस मात्र कमी केले. आम्ही राहतो नालासोपाऱ्याला, तिसऱ्या मजल्यावर. आम्ही दोघं, दहावीतली मुलगी आणि सासरे. सासूबाई गेल्यावर नंदाखाल गावातलं घर धाकट्या दिराकडे राहिलं आणि सासरे आमच्याकडे आले. जन्मभर केळीच्या वाडीत राबलेला माणूस. आमच्या गॅलरीत दोन कुंड्या आहेत, त्यातली एक तुळशीची.

मी घाटावरची. सासरे बहिणीशी फोनवर त्यांच्या घरच्या बोलीत बोलायला लागले की मला निम्मंच कळतं. माझ्याशी ते साधं मराठी बोलतात, तेही मोजकं. "बाय, चहा ठेव," "बाय, मी जाऊन येतो." सकाळी सातला कापडी पिशवी घेऊन निघायचे आणि जेवायला एकपर्यंत परत. समुद्राच्या बाजूला फिरतो म्हणायचे. फिरल्याने गुडघे बरे राहतात, म्हणून मीही कधी जास्त विचारलं नाही.

तर मी काटकसर सुरू केली. तेल पळीने घालायचं बंद केलं, चमच्याने घालायला लागले. कुकर एकदाच लावायचा, खाली डाळ, वर भात, त्यावर बटाटे. दुधीच्या सालींची चटणी, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. भाजी बाजार उठायच्या वेळेला आणायची. तांदूळ वाटीने मोजून काढायचा, रोज तेवढाच. त्या मापाने तांदूळ पंचवीस तारखेच्या आसपास संपायला हवा होता आणि उरलेले दिवस पोळ्यांवर काढायचे, असं मी मनाशी धरलं होतं.

तांदूळ संपला नाही. महिना उलटला तरी डब्यात चांगला वीतभर होता. तेलाचंही तसंच.

पहिल्या महिन्यात मला स्वतःचा अभिमान वाटला. खरंच सांगते, फार वाटला. दुसऱ्या महिन्यात आमच्या मजल्यावरच्या बायका विचारायला लागल्या, "ताई, तुम्ही कसं भागवता हो?" मी सांगायचे. हळदीकुंकवाला तर चांगलं अर्धा तास बोलले. म्हटलं, सगळं हातात असतं, बाई सावध असेल तर डबा रिकामा होत नाही. एकीने तर मोबाइलवर लिहून घेतलं.

पण तिसऱ्या महिन्यात मला शंका यायला लागली. मी वाट्या काढतेय, माणसं जेवताहेत, मग हा डबा खाली का जात नाही? आपलं मोजायचंच चुकतंय का? मी तेलाच्या बरणीवर नेलपॉलिशने रेघ मारली. चार दिवसांनी पाहिलं तर तेल रेघेच्या वर होतं. खाली नव्हे, वर! मी बरणी उचलून उजेडात धरली, पुन्हा ठेवली, पुन्हा पाहिली. माझी आई शेवटी शेवटी फार विसरायची. दुधाचं पातेलं कपाटात ठेवायची आणि घरभर शोधायची. मला वाटलं, हे आपल्यालाही सुरू झालं. रेघ आपणच खाली मारली असेल. नवऱ्याला सांगायची हिंमत झाली नाही. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, तेल वाढलं तर रडतेस काय? कमी झालं असतं तर ठीक होतं."

त्यातच भात बिघडायला लागला. तेवढंच पाणी, तेवढ्याच शिट्ट्या, तरी एक दिवस मोकळा, दुसऱ्या दिवशी अगदी गिच्च. एकदा तर एकाच पातेल्यात अर्धा भात टणक आणि अर्धा लगदा. नवऱ्याच्या ताटात भात उरला. उरलेल्या भाताने माझं डोकं फिरलं. नेहमीच्या वाण्याने भेसळ केली असणार, दुसरं काय? वाटीभर तांदूळ पिशवीत घेतला आणि तडक त्याच्या दुकानात गेले. चार गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "दहा वर्षं तुमच्याकडून घेते, आणि आता हे असलं देता?"

वाण्याने तांदूळ तळहातावर पसरला, बोटाने दाणे वेगळे केले. "ताई, हा बारीक दाणा माझा. हा जाडा माझा नाही. हा नवा तांदूळ आहे, यंदाचा. कुणीतरी गावाकडून दिलेला. नव्याला पाणी कमी लागतं, म्हणून गिच्च होतो." तांदूळ परत पिशवीत भरत म्हणाला, "घरात कुणी आणलाय का, विचारा."

मी माफी मागायचीसुद्धा विसरले. घरी येताना मला कशाचाच मेळ लागेना. गावाकडून कोण देणार? दीर तर नारळसुद्धा मोजून पाठवतो. नवऱ्याने आणला असेल तर सांगितलं का नाही? त्यांनी दुसरीकडे कुठे काम धरलंय का? की उधार आणतात? जिना चढेपर्यंत मी नवऱ्याशी मनातल्या मनात भांडूनही घेतलं होतं.

दुपारी कपडे धुवायला काढले. सासऱ्यांची कापडी पिशवी उलटी केली आणि शिवणीतून तीन-चार दाणे बादलीत पडले. जाडे दाणे.

मला तेव्हा आनंद झाला की राग आला, हे आजही सांगता येत नाही. विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. ते शेजारच्या खोलीत आडवे झाले होते, हाक मारता आली असती. मी पिशवी धुऊन वाळत घातली.

दुसऱ्या दिवशी ते निघाले, तशी मी थोड्या वेळाने निघाले. ते कळंबच्या शेअर रिक्षात बसले, मी मागच्या रिक्षात. कळंबला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते उतरले आणि एका कॉटेजच्या फाटकातून आत गेले. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येऊन राहतात, तसल्या चार खोल्या आणि मागे मोठी बाग. मी फाटकाशी उभी राहिले. आत सासरे शर्ट काढून, गंजी आणि अर्ध्या चड्डीवर, केळीची सुकलेली पानं कोयत्याने उतरवत होते. घरात खुर्चीवरून उठताना "आई गं" म्हणणारा माणूस तिथे उकिडवा बसत होता आणि उठत होता. कॉटेजची मालकीण, साधारण माझ्याच वयाची, त्यांना विचारत होती, "काका, ही ओळ काढायची का?" आणि ते तिला ओरडून सांगत होते, "थांब, घाई नको! तिला अजून घड यायचाय."

इतक्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी मला पाहिलं. कोयता खाली ठेवला, शर्ट चढवला, बटणं मात्र लागेनात.

"घरी काय झालं?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"काही नाही. तांदूळ तुम्ही टाकता डब्यात?"

ते नळाशी जाऊन हात धुवायला लागले. बराच वेळ धुतले. "ह्यांचं भाताचं शेत आहे. पगारात थोडा तांदूळ धरून देतात. तेल मी दुकानातून घेतो."

"मग मला हातात का नाही दिलंत?"

"हातात दिलं असतं तर तू घेतलं नसतंस. आणि त्याला कळलं असतं." त्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. "त्याचं काम कमी झालं, त्यात म्हाताऱ्या बापाने दुसऱ्याच्या बागेत जायचं म्हणजे... नको ते."

"म्हणजे आमच्यासाठी तुम्ही ह्या वयात..."

"तुमच्यासाठी कसलं," ते म्हणाले, आणि मग स्वतःच अडखळले. "तुमच्यासाठीच. म्हणजे, तसंही आलो असतो बहुतेक. वर घरात बसून हाताला काय करायचं कळत नाही, बाय. मलाच नीट ठाऊक नाही."

त्यांना घरी घेऊन जायचं मनात आलं होतं. मालकिणीने चहा दिला, तो घेतला, आणि एकटीच परत आले.

मग मला काही सुचेना. नवऱ्याला सांगावं तर बाप-लेकांत बिनसेल. न सांगावं तर मीही लपवण्यात सामील. आणि ती हळदीकुंकवातली भाषणं! माझ्या काटकसरीतलं माझं किती आणि त्यांचं किती, हे मला वेगळं काढता येईना. बायका जिन्यात भेटल्या की मी मोबाइल कानाला लावून पुढे जायचे.

आठ दिवसांनी सांगितलं. नवरा सासऱ्यांवर नाही, माझ्यावर चिडले. "आठ दिवस तुला माहीत होतं?" सासऱ्यांशी ते तीन दिवस बोललेच नाहीत. सासरेही बोलले नाहीत, पण सकाळी सातला जायचे. चौथ्या दिवशी दुपारी दार वाजलं. सासरे दारात, खांद्यावर दहा किलोची गोणी. तीन जिने चढून आलेले, घामाघूम. गोणी खोलीच्या मधोमध ठेवली आणि धापा टाकत म्हणाले, "आता लपवायचं कशाला? पिशवीतून थोडं थोडं आणून कंटाळलो मी."

त्या दिवशी नवऱ्याला सुट्टी होती. ते उठले, पाण्याचा तांब्या आणून त्यांच्या हातात दिला. म्हणाले, "हाक मारायची ना खालून. मी आलो असतो." एवढंच. मी ह्याहून जास्त काहीतरी होईल म्हणून स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. झालं नाही.

नवऱ्याचं काम आता आठवड्याला चार दिवस आहे. सासरे जातातच. काय बरोबर झालं, मला अजून उमगलेलं नाही. कधी वाटतं त्यांना थांबवायला हवं होतं, कधी त्यांचा उन्हाने रापलेला चेहरा पाहून वाटतं, बरं झालं. सकाळी मी त्यांनाही डबा देते. काल परत आल्यावर म्हणाले, "बाय, भाजीत तेल फारच कमी घालतेस. तिथली बाई हसते मला."

आज भाजीत एक चमचा तेल जास्त घातलंय.