गोडी छाटणी

आमच्या साडूंइतका हट्टी माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसरा नाही, आणि कर्जतच्या पुढे कुणी सापडलाच तर तो त्यांचाच लांबचा नातेवाईक निघेल. अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलचे ऑफिसर होते. रिटायर झाल्यावर माणसं गुडघे दाखवायला डॉक्टरकडे जातात, नाहीतर सोसायटीचं सेक्रेटरीपद अडवून बसतात. ह्यांनी चिखलोलीच्या घरामागे दीड गुंठ्यात द्राक्षबाग लावली. अहो, चिखलोलीत! जिथे पावसाळ्यात कपाटातल्या कोटालाही बुरशी येते, तिथे द्राक्षं! मांडवाचे पाइप आणायला मीही त्यांच्याबरोबर उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेलो होतो. पाइप कशाला हवेत ते ऐकून सिंधी दुकानदारानं चष्मा काढून त्यांना नीट पाहून घेतलं. "साईं, अंगूर तो नासिक में होता है. इधर सिर्फ मच्छर होता है." साडू म्हणाले, "आप पाइप काटो."

वेली चोवीस, आणि प्रत्येकीला नंबर. रोज सकाळी आठच्या ठोक्याला साडू मांडवाखाली हजेरी घ्यायचे. "सात नंबर सिक लीव्हवर आहे, अकराचं कामात लक्ष नाही," असं आम्हाला चहाबरोबर ऐकावं लागायचं. फवारणीसाठी मोरचूद आणि चुना सोनाराच्या काट्यावर तोलायचे; त्यापायी त्यांचं एकही बनियन पांढरं राहिलं नव्हतं, सगळी निळी. एकदा जुलैत जेवायला गेलो तर निघताना माझी छत्री गायब. पाहतो तो सात नंबरच्या डोक्यावर बांधलेली! मागितली तर म्हणाले, "तुम्ही भिजलात तर सर्दी होईल. ती भिजली तर करपा पडेल." मी भिजत घरी आलो.

एवढं करून चार वर्षांत एक मणी लागला नाही. पानं मात्र अशी माजली की मांडवाखाली दुपारी दिवा लावावा. आळीत जो तो 'कोल्ह्याला द्राक्षं आंबट' म्हणून घेई. मीही एकदा बोललो, "साडूभाऊ, कोल्ह्याला निदान द्राक्षं दिसत तरी होती!" एरवी हसले असते. त्या दिवशी आवाज खाली आणून म्हणाले, "हिच्यासाठी लावलीत हो."

ही म्हणजे माझी थोरली मेहुणी. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. माहेर निफाडकडचं, वडिलांची द्राक्षबाग होती. वडील गेले, भावांनी बाग मोडली, आणि तेव्हापासून आक्कांनी द्राक्ष तोंडात घातलेलं नाही. बाजारातलं आणलं की पोरांपुढे सरकवायच्या. घरच्या वेलीचा एक घड त्यांच्या हातात द्यायचा, एवढ्यासाठी हा सगळा कारखाना!

"मग आक्कांनाच विचारा ना, कुठे चुकतंय ते."

"छे! माहेर तिला द्यायचं आणि तिलाच विचारायचं?"

कृषी केंद्रवाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारून झालं होतं. सगळे एकच सांगत, छाटणी करा. पण साडूंचा हात होईना. "नोकरीत हाताखालचा एक माणूस काढला नाही मी. वेलीला कात्री लावू?"

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर ते आठवडाभर पुण्याला लेकीकडे गेले. परत आले तो मांडवावर नुसत्या काड्या आणि लखलखीत ऊन! आक्का पदर खोचून पाला गोळा करत होत्या.

"हे काय केलंस?"

"गोडी छाटणी."

"ह्यात गोडी कसली आली?"

"ती मागाहून कळते. चार वर्षं वाट पाहिली, आज विचाराल, उद्या विचाराल. तुम्ही कसले विचारताय!"

साडूंनी तीन दिवस मांडवाखालची हजेरी बंद ठेवली. पुढच्या आठवड्यात काड्यांवर कोंबांचे डोळे फुटले, मग घड दिसले, आणि साडूंनी मला फोन करकरून वैताग आणला.

होळीच्या सुमारास आम्हाला बोलावणं आलं. साडूंनी पहिला घड कापला, धुतला, वाटीत ठेवला. जन्माची खोड, आधी एक मणी स्वतः तपासला. तोंड असं वाकडं झालं की विचारू नका. आंबटढाण! बिचारे वाटी मागे लपवत पुटपुटले, "रिजेक्ट."

आक्कांनी हात धरून वाटी घेतली. एक मणी तोंडात टाकला, डोळे मिटले. मग दुसरा.

"अहो, गोड घड सगळे गाडीत भरून जायचे," त्या म्हणाल्या. "आम्हा पोरींच्या वाट्याला हीच यायची. अगदी हीच." आणि त्यांनी आम्हाला एक मणीही न देता वाटी संपवली.

यंदा दसऱ्यानंतर आक्कांनी पुन्हा कात्री काढली. मी गेलो तेव्हा त्या स्टुलावर चढल्या होत्या. साडूंनी स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, पण तोंड भिंतीकडे. काडी तुटल्याचा आवाज आला की तेवढं हळूच विचारायचे, "कितवा नंबर?"