वरच्या मजल्याचा वास

लातूरला आम्ही ते घर भाड्याने घेतलं तेव्हा मुलगी नुकतीच अकरावीला गेली होती. तिचे क्लास तिथून पायी जाण्याइतके जवळ होते. माझी शाळा औशाच्या बाजूला एका खेड्यात, नवरा नांदेडला नोकरीला. तो शनिवारी संध्याकाळच्या एसटीने यायचा आणि सोमवारी पहाटे परत जायचा. घर दुमजली. खाली मालकीण एकट्या राहायच्या, त्यांचा मुलगा पुण्यात. जिना त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारावरूनच वर यायचा.

घर बघायला गेलो तेव्हा त्यांनी आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही..."

"बौद्ध," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "आमचं तसं काही न्हाई. पण मटण-मच्छी घरात चालत न्हाई बघा."

मी हो म्हणाले. लेकीच्या दोन वर्षांचा प्रश्न होता. खायचं झालं तर नांदेडला खाऊ, असं आम्ही ठरवलं आणि पाळलंही. सुरुवातीचे महिने बरे गेले. जाता-येता "काय मॅडम, झाली का शाळा?" एवढं बोलणं व्हायचं.

दिवाळीनंतर मालकीणकाकूंना ताप आला. सर्दी, खोकला, आठ-दहा दिवस अंथरुणावर. मी ज्वारीच्या कण्या करून मुलीच्या हाती खाली पाठवल्या. पातेलं घासून परत आलं. खाल्ल्या की टाकल्या, ते कळलं नाही. मीही विचारलं नाही.

बऱ्या झाल्या आणि एका संध्याकाळी दार वाजलं. त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, नाकाला पदर लावून.

"मॅडम, काय शिजवून राहिलात?"

"शेवग्याच्या शेंगा, काकू."

"शेंगांचा न्हाई हा वास. काहीतरी सडलेलं जळून राहिलंय."

मी म्हणाले, आत या, बघा. त्या आत आल्या नाहीत. माझ्या खांद्यावरून गॅसकडे बघितलं आणि खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग एक दिवसाआड. "आज लई येऊन राहिलाय." "आज तर डोकंच दुखलं माझं." मी फ्रिज ओढून मागे बघितलं, उंदीर मरून पडलाय का म्हणून. मोरीत फिनेल ओतलं. नवऱ्याची बॅग, चपलांचा कोपरा, कोथिंबिरीची जुडीसुद्धा हुंगली. मला काहीच सापडेना. आणि तिथेच माझी पंचाईत झाली. आपल्या घराचा वास आपल्याला येत नसतो. दुसऱ्याच्या दारात पाय ठेवला की पहिल्या श्वासाला कळतं, इथे हिंग जास्त घालतात, इथे म्हातारं माणूस आजारी आहे. स्वतःच्या घराला मात्र नाक सरावून जातं. मग मला येत नाही म्हणजे तो नाहीच, असं मी कशाच्या जोरावर म्हणणार होते?

मी उदबत्ती लावायला लागले. त्यावर काकू म्हणाल्या, "वास झाकायला लावता का?"

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. यांना वास वगैरे काही येत नाही, आम्हाला बाहेर काढायला निमित्त पाहिजे, अशी माझी खात्रीच झाली. गल्लीतल्या दोन बायका मला बघून बोलता बोलता थांबल्यासारख्या वाटल्या. खरंच थांबल्या की मलाच तसं वाटलं, आजही सांगता येणार नाही. कंधारजवळच्या माझ्या गावी लहानपणी चुलीवर वाळलेलं मटण भाजलं जायचं. तो वास आला की आम्ही पोरं खेळ टाकून घराकडे पळायचो. मग हायस्कूलला गेल्यावर शेजारी बसणारी एक मुलगी म्हणाली, तुमच्या आळीवरून जाताना आम्ही नाक धरतो. त्या दिवशी घरी गेल्यावर मला तोच वास वेगळा आला. चूल तीच, मटण तेच. एका वाक्याने वास बदलला होता. काकू जिन्यावर उभ्या राहिल्या की मला त्या मुलीचा चेहरा दिसायचा.

माझं एक वेळ ठीक होतं. पण एका सकाळी मुलगी क्लासला निघताना माझ्याजवळ आली, बाही पुढे केली आणि म्हणाली, "आई, खरं सांग. माझ्या कपड्यांना वास येतो का?"

"नाही गं."

"तुला कसा येईल? तू पण याच घरात राहतेस."

ती दिवसातून दोनदा केस धुवायला लागली होती. क्लासमध्ये शेवटच्या बाकावर एकटी बसते, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं. त्या रविवारी नवरा घरी होता. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सोडून देऊ घर."

"सोडू. पण वास कसला ते बघून सोडू," मी म्हणाले.

खाली गेले आणि काकूंना म्हणाले, "आत्ता वर चला. मी तुमच्यासमोर स्वयंपाक करते."

त्यांना वाटलं भांडायला बोलावते. पण आल्या. पहिल्यांदाच आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. मी एकेक झाकण उघडून दाखवलं. वरण. भात. कच्ची भेंडी. त्या एकेक हुंगत होत्या. मग मी कढईत तेल तापवलं आणि चिरलेला कांदा टाकला.

काकूंनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. ओकारी आवरत मागे सरकल्या. "हाच! हाच तो वास!"

"हा कांदा आहे, काकू."

"कांदा मला म्हाईत न्हाई का? कांद्याचा असा वास नसतो. तेलात काय हाय तुमच्या?"

नवरा काहीतरी बोलणार होता. मी त्याला हाताने थांबवलं. गॅस बंद केला आणि म्हणाले, "खाली चला. तुमचं तेल, तुमची कढई, तुमचाच कांदा."

खालचं स्वयंपाकघर थंड होतं. त्यांनीच सांगितलं, तापानंतर तोंडाला चव नाही म्हणून दूध-भात, दही-भात, एवढंच खातात. फोडणी दिलीच नव्हती इतके दिवस. मी टोपलीतला कांदा उचलला तसा त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"मीच चिरते. तुमच्या हाताला काही लागलेलं असंल."

तेव्हासुद्धा! मी दाराच्या बाहेर जाऊन उभी राहिले, हात मागे बांधून. त्यांनी कांदा चिरला, तेल ओतलं, गॅस पेटवला. कांदा तडतडला आणि मला तिथपर्यंत छान खमंग वास आला. काकूंनी झारा ओट्यावर टाकला आणि मोरीकडे धावल्या.

तोंड धुऊन आल्या त्या खालीच बसल्या, भिंतीला टेकून. कढईकडे बघत हळूच म्हणाल्या, "माझ्या घरात पण हाय की हा वास."

गॅस मी बंद केला. त्यांनी मला अडवलं नाही.

मुलगा पुण्याहून आला आणि त्यांना नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. कसल्या कसल्या तापानंतर नाक असं बिघडतं, डॉक्टर म्हणाले. आधी वास जातो, मग वाकडा होऊन परत येतो. कांदा, लसूण, भाजलेलं, तळलेलं, हे सगळं सडल्यासारखं लागतं. हळूहळू सुधारेल. रोज लवंग, लिंबू, वेलदोडा असं काहीबाही डोळे मिटून हुंगायचं आणि ओळखायचं. हे मला मुलाने जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं. शेवटी म्हणाला, "ताई, आईचं मनावर घेऊ नका. तिला खरंच वास येत होता."

येत होता, हे मला मान्य होतं. त्यांच्या नाकाने काही खोटं सांगितलं नव्हतं. पण तो आमच्या तेलाचा, आमच्या हातांचा आहे, हे काही नाकाने सांगितलं नव्हतं. हे मी त्याला बोलले नाही. मान हलवून वर आले.

त्यानंतर काकू मला हाका मारायला लागल्या. दूध नासलंय का, भाकरी करपली का, गॅस तर गळत नाही ना. एकट्या बाईला भीती वाटणं साहजिक होतं. मी जायचे. मी "चांगलं आहे" म्हणाले की त्या पातेलं पुन्हा स्वतःच्या नाकाशी नेऊन माझ्याकडे बघायच्या. विश्वास ठेवतात की तपासतात, कळायचं नाही. मलाही त्यांचं बोलावणं नीट पचायचं नाही. मुलगी तर खाली जायलाच तयार नव्हती. एकदा मी तिला म्हणाले, डोळे मिटून हुंगायला त्यांना कोणीतरी समोर लागतं, जरा बस. ती पुस्तकातून वर न बघता म्हणाली, "तू बस. मला नाही जमणार." मी पुन्हा सांगितलं नाही.

माफी काकूंनी मागितली नाही. गल्लीत मात्र सांगत होत्या, वरच्या मॅडममुळे माझा आजार कळला. उन्हाळ्यात एकदा जिन्यात भेटल्या आणि हसून म्हणाल्या, "आज कांदा बराच कांद्यावानी आला बघा." मी बरं झालं म्हणाले. मनापासून म्हणाले.

बारावीची परीक्षा झाली. मुलीला नांदेडलाच पुढे शिकायचं होतं, माझीही बदली तिकडेच झाली. टेम्पो खाली उभा राहिला, सामान खाली नेलं. मी शेवटची पिशवी घ्यायला वर गेले तर काकू रिकाम्या खोलीत उभ्या. डोळे मिटलेले. त्यांनी एक लांब श्वास घेतला, मग स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याजवळ वाकून तिथेही घेतला.

"काय येतंय, काकू?" मी दारातून विचारलं.

त्या दचकल्या. पदर सावरला. "काहीच न्हाई," म्हणाल्या.

मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली आणि पिशवी उचलून खाली आले.